मिरजेची चिठ्ठी, धारवाडची गोळी

सीमाभागात औषधाचं दुकान चालवणाऱ्याच्या हातात एकाच गावच्या चिठ्ठ्या कधी येत नाहीत. गुडघ्याचं दुखणं मिरजेला जातं, हृदयाचं बेळगावातच मोठ्या इस्पितळात. लेक कोल्हापुरात दिलेली असेल तर तिच्याकडे राहायला गेल्यावर जे काही होईल ते तिथल्या डॉक्टरकडे. आणि मनाचं दुखणं धारवाडला. त्यातलं धारवाडचं नाव लोक हळू आवाजात घेतात. तिथलं मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीतलं. आता त्याचं डिमहान्स, म्हणजे मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची मोठी संस्था झालंय, तिथे मनोविकारतज्ज्ञ तयार होतात, मेंदूचे आजार तपासले जातात. पण आमच्या लहानपणी "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे" हे वाक्य भांडणात तोंडावर फेकायचं होतं, आणि ते अजून लोकांच्या कानातून गेलेलं नाही. म्हणून धारवाडची चिठ्ठी माझ्याकडे येते ती बीपीच्या कागदाच्या घडीत लपून. गर्दी ओसरेपर्यंत माणूस काउंटरच्या कडेला उभा राहतो, च्यवनप्राशच्या डब्यांवरच्या किमती वाचत राहतो आणि मग कागद पुढे सरकवतो.

माझं दुकान बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत आहे. निम्मं गिऱ्हाईक गल्लीतलं, निम्मं येळ्ळूर-धामण्याकडून कामाला, बाजाराला येणारं. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली आणि किती, हे ठरवणं माझं काम नाही. पण गोळी प्रत्यक्ष हातात पडते ती माझ्याकडून, आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तेव्हा डॉक्टर ७०-८० किलोमीटर लांब असतात. नैराश्यावरच्या औषधांबद्दल लोकांना विचारायचं खूप असतं आणि ते विचारत काहीच नाहीत. न विचारलेल्या त्या गोष्टी इथे लिहिते आहे.

मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एक मावशी लेकीबरोबर आल्या. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "अक्का, बघ की कसे थरथरुलालेत." घाम फुटलेला, पोट सकाळपासून बिघडलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसत होत्या. लेकीला वाटत होतं कोल्हापूरच्या हॉटेलात खाल्लेलं बाधलं. मी म्हटलं, घरात ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या काढा. पिशवीतून तीन पट्ट्या निघाल्या. एक धारवाडची, उदास वाटतं म्हणून सहा महिने चालू असलेली. दुसरी कोल्हापूरची, लेकीकडे असताना छातीत धडधड झाली म्हणून नवीन मिळालेली. तिसरी मिरजेची, गुडघ्यासाठी.

पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मोठ्या अक्षरातली नावं तिन्ही वेगळी. खाली बारीक अक्षरात मात्र पहिल्या दोन्हींवर एस्सिटालोप्राम. म्हणजे तेच औषध दोनदा पोटात जात होतं, फक्त दुसरीत त्याच्याबरोबर क्लोनाझेपाम हे घबराट शमवणारं औषध मिसळलेलं होतं. आणि मिरजेच्या दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल. ट्रामाडॉल हे नुसतं वेदना मारणारं औषध नाही, एस्सिटालोप्रामसारखंच तेही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. तीन गावांतल्या तीन डॉक्टरांनी आपापल्या जागी ठीकच लिहिलं होतं. तिघांनाही दुसऱ्या दोघांचा कागद कुणी दाखवला नव्हता. लेकीला म्हटलं, थांबू नका, आत्ताच्या आत्ता पलीकडच्या चौकातल्या डॉक्टरांकडे न्या, या पट्ट्या हातात घेऊन न्या. त्यांनी धारवाडला फोन लावला, गुडघ्याची गोळी आणि दुहेरी झालेली गोळी बंद केली, मावशींना रात्रभर नजरेखाली ठेवलं. दोन दिवसांत हात स्थिर झाले. सेरोटोनिन फार वाढल्यावर होणारा हा त्रास वेळेत ओळखला तर असा उतरतो. ताप चढला, अंग ताठ झालं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला की तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी थेट इस्पितळ गाठायचं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पट्टीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवते. पंधराची पट्टी कापून दहा गोळ्या घेणाऱ्याला तर आवर्जून सांगते की नाव आणि तारीख छापलेला तुकडा मागून घे. नावाचा तुकडा दुकानातच राहिला, तर घरी नुसत्या पांढऱ्या गोळ्या उरतात आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला काहीच राहत नाही.

हे सेरोटोनिन काय असतं, ते मावशींच्या लेकीनेही विचारलं. मेंदूतल्या एका पेशीला दुसरीला निरोप द्यायचा असतो तेव्हा ती दोघींमधल्या अगदी बारीक फटीत रसायन सोडते. सेरोटोनिन हे त्यातलं एक. काम झालं की पहिली पेशी सोडलेलं रसायन पुन्हा आत ओढून घेते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधं हे परत ओढणं अडवतात, त्यामुळे फटीत सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन त्याबरोबर नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या रसायनाचंही परत जाणं रोखतात. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही त्यांच्या आधीची पिढी. तीही हेच करतात, पण शरीरात आणखी चार ठिकाणी लुडबुड करतात. तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, म्हाताऱ्यांची लघवी अडते, दिवसा झापड येते. अमिट्रिप्टिलिन थोड्या मात्रेत अर्धशिशीला आणि नसांच्या दुखण्यालाही देतात. ते चिठ्ठीवर दिसलं म्हणजे त्या माणसाला नैराश्यच आहे असं नाही. ही जुनी औषधं प्रमाणाबाहेर पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवतात. म्हणून ती घरात जपून ठेवावी लागतात, आणि आजारी माणूस फार खचलेला असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, एका वेळी थोडीच.

या औषधांचा जन्म मनाच्या दवाखान्यात झाला नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. १९५२ साली न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवर सीव्ह्यू नावाच्या क्षयाच्या इस्पितळात इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहिलं जात होतं. महिनोन् महिने खाटेला खिळलेली माणसं उठून बसू लागली, जेवण मागू लागली, वॉर्डात नाचू लागल्याच्या बातम्या छापून आल्या. क्षयावरच्या औषधाने मन हलकं होतंय, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९५७ सालापासून ते नैराश्याच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रोलॅंड कून यांनी इमिप्रामिनबद्दलचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९८७च्या डिसेंबरात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षय आरोग्यधामात आमच्या भागातली कितीतरी माणसं राहून आलेली आहेत. तिथून परतलेल्यांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकल्यामुळे असेल, सीव्ह्यूची ती हकीकत वाचताना मला परकी वाटली नाही. क्षयाशी हे नातं आजही संपलेलं नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड देतात, आणि तेही शरीरात सेरोटोनिनचं विघटन अडवतं. क्षयाचे उपचार चालू असलेल्याने नैराश्याची गोळी चालू असल्याचं सांगितलंच पाहिजे, आणि उलटही.

आता सगळ्यात अवघड भाग. परत ओढणं अडवण्याचं काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं. मग मन लगेच का सुधारत नाही? कारण फटीत अचानक वाढलेलं सेरोटोनिन पाहून पेशी सुरुवातीला हात आखडता घेते, नवीन सोडणं कमी करते. हा आवर सैल व्हायला दोन-तीन आठवडे जातात. त्यानंतर पेशींमधली जोडणी हळूहळू नव्याने बांधली जाते, असं संशोधक मानतात. झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून येतं. गुण आला की नाही हे ठरवायला पुऱ्या मात्रेत चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. मळमळ, डोकेदुखी, पोटात कालवाकालव, हातपाय अस्वस्थ, कुणाला झोपच नाही तर कुणाला नुसती झोप. म्हणजे पहिले दोन आठवडे माणसाच्या पदरात फक्त त्रासच पडतो. याच दिवसांत सगळ्यात जास्त पट्ट्या अर्ध्या राहतात. येळ्ळूरच्या एका शेतकरीमामांना मी हे बायकोच्या गोळ्यांबद्दल समजावत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाताचं रोप लावल्यावर आठ दिवस पिवळं पडतंयच की. ज्याला ठाऊक नाही तो म्हणणार मेलं." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. त्यांनी बायकोला जेवण झाल्यावर गोळी द्यायला सुरुवात केली, मळमळ कमी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून अंगण सारवायला बसली, हे सांगायला ते मुद्दाम दुकानात आले.

या पहिल्या आठवड्यांचा आणखी एक धोका आहे, आणि तो मोठ्याने बोलायला हवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर जीव द्यावासा वाटण्याचे विचार काही जणांत वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ साली लहान मुलं आणि किशोरांसाठी पाकिटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही. उपचारांविना राहिलेलं नैराश्य स्वतःच फार जीवघेणं आहे. अर्थ एवढाच की त्या दिवसांत मुलाला एकटं सोडायचं नाही, कॉलेजच्या खोलीवर एकटं ठेवायचं नाही, आणि तो फार बेचैन झाला, रात्ररात्र येरझाऱ्या घालू लागला, निरोपाचं बोलू लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. थेट विचारायचं, "जीव द्यावासा वाटतोय काय रे?" विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. २०२२च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली सरकारची फुकट सेवा, चोवीस तास. भाषा निवडता येते, मराठीही आहे. मी हा आकडा काउंटरच्या काचेवर चिकटवलाय. लोक हातावर पेनाने लिहून घेऊन जातात.

भाषेचं एवढ्यासाठी सांगते की आमच्याकडे डॉक्टर कन्नडमध्ये सांगतात, बाजारापुरतं कन्नड येणारी बाई मान डोलावते आणि "दोन आठवडे त्रास होईल, घाबरू नका, सोडू नका" हे नेमकं वाक्य निसटतं. कुणाचाच यात दोष नाही. जी माणसं तिथे दोन्ही भाषा बोलतात, ती मध्ये पडून सांगतातही. पण मन कसं बिघडलंय हे सांगायला माणसाला स्वतःची बोलीच लागते. आमच्या बायका "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, डोस्कं जड झालंय, जीव कशातच लागत नाही, भूक मेली, पाय ओढुलालेत. मग त्यांना ताकदीच्या गोळ्या मिळतात, सलाईन लागतं, कुणी अंगारा लावतं, कुणी देवाला कौल लावून येतं आणि वर्ष निघून जातं. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यांनीही असंच गळून जायला होतं, तेव्हा रक्त तपासणं योग्यच. पण तपासण्या चांगल्या आल्या म्हणजे बाईला काही झालेलं नाही, हे मात्र खोटं.

अलीकडे एक प्रश्न शिकलेल्या मुलांकडून येतो. सेरोटोनिन कमी होतं म्हणून नैराश्य येतं हे खोटं ठरलं ना, मग गोळी कशाला? २०२२ साली ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीचं सगळं संशोधन चाळून असं मांडलं की नैराश्याच्या मुळाशी सेरोटोनिनची कमतरता असल्याचा ठोस पुरावा नाही. हे मला पटतं. इतका मोठा आजार एका रसायनाच्या कमी-जास्तीवर बसवणं सोयीचं होतं, म्हणून ते चाललं. पण कारण काय आणि गोळी उपयोगी पडते की नाही, हे दोन प्रश्न निराळे. दुसऱ्याचं उत्तर २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात आहे. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण, २१ औषधं. सगळीच औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक फार मोठा नाही, हेही त्यातच आहे. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक असतात. बाकीच्यांना मात्रा वाढवावी लागते, औषध बदलावं लागतं किंवा जोडीला समुपदेशन लागतं. सौम्य नैराश्यात तर आधी बोलण्याचे उपचारच करावेत असं मानसोपचाराचे निकष सांगतात. दुकानदार असून मी हे म्हणते, कारण गरज नसलेल्या माणसाला गोळी लागू नये असं मला मनापासून वाटतं. आणि गरज असलेल्याची ती सुटू नये असंही तितकंच वाटतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगायला हव्यात. पूर्वी कधी झोप न लागताही अंगात भलताच जोर आला होता का, पैसे उधळले होते का, बोलणं थांबत नव्हतं का? घरात कुणाला तसं झालं होतं का? तसं असेल तर हा दोन टोकांचा आजार असू शकतो आणि नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. आणि दारू. दारू प्यायला मिळावी म्हणून त्या रात्रीची गोळी चुकवणारे बरेच आहेत. त्यांना दोन्हीकडून मार बसतो.

आमच्या गल्लीतल्या आजोबांचं सांगते. सत्तरी उलटलेली, आयुष्य मागावर गेलं, आज्जी गेल्यावर बोलणंच बंद झालं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं, अगदी कमी. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती, आणि डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं म्हणून सुनेने भाकरीतूनही मीठ काढलं होतं. दहाव्या-बाराव्या दिवशी आजोबा घरातल्या घरात वाट चुकू लागले. नातवाला भावाच्या नावाने हाक मारू लागले. चालताना तोल जाई. घरच्यांना वाटलं आजार वाढला, गोळी वाढवून आणू. मुलगा रिकामी पट्टी घेऊन दुकानात आला तेव्हा मी म्हटलं, गोळी वाढवायची नाही, आधी रक्तातलं सोडियम तपास, मिठातून मिळतं ते. सोडियम १३५ ते १४५च्या दरम्यान असावं लागतं. आजोबांचं १२०च्या आसपास आलं. दवाखान्यात ठेवून ते हळूहळू भरून काढलं. ते एकदम वाढवणंही धोक्याचं असतं. मग डॉक्टरांनी औषध बदलून मिर्टाझापिन दिलं. उतारवयात, त्यातून लघवीच्या गोळीबरोबर, ही औषधं रक्तातलं सोडियम पाडू शकतात. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्त तपासून घ्यावं. मी आता साठीच्या पुढच्या प्रत्येकाच्या घरच्यांना ते कागदावर लिहून देते.

वेदनेच्या गोळ्यांचंही तसंच. माग चालवणारे, ऊस तोडणारे, तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसणारे, सगळ्यांच्या खिशात डायक्लोफिनॅक असतं. सेरोटोनिनवरच्या गोळ्या रक्ताची गुठळी होण्याची ताकद किंचित कमी करतात, त्यात डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन मिळालं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर ते गोळीच्या उष्णतेनं नव्हे, आणि ताकानं ते थांबणार नाही. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधही स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, तेही सेरोटोनिन वाढवतं.

एक गोष्ट काउंटरवर कुणीच बोलत नाही. या गोळ्यांनी पुष्कळांची संबंधांची इच्छा कमी होते, पुरुषांना वेळ लागतो, बायकांना काहीच जाणवेनासं होतं. नवरा-बायको एकमेकांना दोष देत बसतात आणि गोळी गुपचूप कचऱ्यात जाते. हा औषधाचा परिणाम आहे, प्रेम आटल्याचा नाही, आणि यावर मार्ग आहेत: मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. डॉक्टरांना सांगायला तोंड होत नसेल तर कागदावर लिहून द्या. हसू येत नाही आणि रडूही येत नाही, अशी कोरडी अवस्था आली तर तीही सांगण्यासारखीच.

मुली दिवस गेल्यावर घाबरून गोळी एकदम टाकतात. ते करू नये. काही औषधं गरोदरपणात टाळतात, काही चालतात. सर्ट्रालिन अंगावरच्या दुधात फार थोडं उतरतं. निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा. बाळंतिणीचं मन बुडालं तर तिच्याबरोबर बाळाचेही हाल होतात.

"सवय लागते" ही सगळ्यात मोठी भीती. यात लोकांनी दोन औषधांची गाठ मारून ठेवलीय. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची सवय खरोखर लागते, थोड्याच आठवड्यांत लागते. त्यातल्या अल्प्राझोलाम आणि डायझेपामसाठी आम्हाला सरकारच्या एच-वन यादीचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टर आणि रुग्ण दोघांची नावं त्यात लिहावी लागतात. नैराश्याची गोळी तशी ओढ लावत नाही, ती जास्त घ्यावीशी वाटत नाही. पण शरीर तिला सरावतं. एकदम तोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भयंकर स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यातून करंट गेल्यासारखं वाटतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनचा हा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्याचा कमी. आणि ज्या गोळीत एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम मिसळलेलं असतं, ती तोडणारा माणूस नकळत दोन्ही एकदम तोडतो. अशी मिश्र गोळी महिनोन् महिने चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा की दुसऱ्या औषधाची अजून गरज आहे का.

बरं वाटू लागल्यावर गोळी सुटते, हे मी रोज बघते. "आता बरं वाटुलालंय, कशाला घेऊ?" पण बरं वाटणं टिकून आहे ते गोळीच्या आधारावर. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. मग उतरवायची, तीही पायरीपायरीने. इथे एक बारकावा आहे. कमी मात्रेतही औषध आपलं बरंचसं काम करत असतं, त्यामुळे १० मिलिग्रॅमवरून ५ वर येणं सोपं जातं आणि ५ वरून शून्यावर येणंच अवघड पडतं. शेवटची पायरी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात सावकाश हवी. ज्या गोळीवर ईआर किंवा एक्सआर लिहिलंय, म्हणजे जी पोटात हळूहळू औषध सोडते, ती मोडायची नाही, चावायची नाही. थांबवल्याचा त्रास दिवसांत येतो आणि ओसरतो. आजार परत येतो तो आठवड्या-महिन्यांनी, दबक्या पावलांनी. कुठलं काय आहे ते ओळखायला डॉक्टरांकडे परत जावं लागतं, आणि त्यासाठी दर वेळी धारवाडच गाठायला हवं असं नाही. १९८०च्या दशकात याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात मनाचे उपचार तालुक्याच्या, खेड्याच्या दवाखान्यात देऊन पाहिले गेले. त्या अनुभवावर १९९६ साली देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. आता कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत ठरावीक मंगळवारी तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ येतात आणि गोळ्या फुकट मिळतात.

गेल्या आषाढीच्या आधी वडगावातलीच एक विणकरीण दिंडीला निघाली होती. तिचं बरं चाललं होतं, डॉक्टरांनी मात्रा उतरवायचं ठरवलं होतं, आणि तिच्या मनात होतं की पांडुरंगाच्या वाटेवर गोळी नको, घरूनच बंद करून जावी. मी तिच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उतरवणं वारीहून आल्यावर. ऊन-पाऊस, चालणं, कमी झोप, यात नाही. मग पट्ट्या मोजल्या, चार दिवसांच्या जास्त दिल्या, त्या दोन पिशव्यांत वाटून ठेवायला सांगितल्या. एका कागदावर देवनागरीत औषधाचं खरं नाव आणि मात्रा लिहून दिली. वाटेत पाय सुजले की सेवेच्या तंबूत गोळी मिळते, ती घेण्याआधी हा कागद दाखव, म्हटलं. तिने विचारलं, एकादशीला निर्जळी करते, मग? म्हटलं, या वर्षी पाणी आणि फराळ घे, त्यावर गोळी घे.

कागद पदराला बांधताना ती म्हणाली, "जाऊबाईचंबी तसंच हुलालंय अक्का, माझ्यासारखंच. तिलाबी हीच देऊन टाक की." नाही, म्हटलं. जाऊबाईला मंगळवारी घेऊन ये. दिंडी निघायच्या आधी एक मंगळवार आहे अजून.